बूनडॉगल: गोफापासून उधळपट्टीपर्यंत

सरकारी पैसा आणि माणसांचा वेळ ओतून रेटलेलं, पण ज्याचा उपयोग कुणालाच धड सांगता येत नाही, अशा कामाला अमेरिकन माणूस ‘बूनडॉगल’ म्हणतो. शिवीच ती, जरा गमतीदार इतकंच.

मुळात बूनडॉगल म्हणजे बालवीरांच्या, म्हणजे स्काउटांच्या, गळ्यातला चामड्याचा गोफ. 1920च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या स्काउट पथकांत हा शब्द रुळला. त्याचं श्रेय रॉबर्ट लिंक या तिथल्या स्काउटला दिलं जातं. 1929 साली इंग्लंडमध्ये बर्कनहेडजवळ जागतिक मेळावा भरला, तेव्हा अमेरिकन पोरांनी असे गोफ भेट दिले आणि ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने त्या विचित्र नावाची मजेत दखल घेतली. तिथेच हा शब्द विरून जायचा.

पण महामंदी आली. 1933मध्ये अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. 1935च्या एप्रिलमध्ये बेकारांच्या मदतनिधीची चौकशी करणाऱ्या न्यूयॉर्कच्या नगरसेवकांपुढे ब्रुकलिनच्या एका प्रशिक्षकाने सांगून टाकलं, की आपण लोकांना ‘बूनडॉगल’ शिकवतो. म्हणजे काय? तर चामड्याचे पट्टे, दोऱ्या, असल्या हातच्या वस्तू. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी छापली: बेकारांना खेळायला शिकवण्यावर 31 लाख 87 हजार डॉलर खर्च! तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. त्यांनी सरकारच्या सगळ्याच रोजगार योजनांवर हा शिक्का मारला. रूझवेल्टही काही कमी नव्हते. जानेवारी 1936मध्ये नेवार्कच्या भाषणात ते म्हणाले, की बूनडॉगल करून मंदीतून बाहेर पडता आलं, तर हा शब्द लोकांच्या हृदयात कायमचा कोरला जाईल.

शिक्का सगळीकडे योग्य होता का? एकच काम बघू. 1938मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशाच एका सरकारी रोजगार योजनेखाली गणिती कोष्टकं, म्हणजे आकडेमोडीच्या तयार उत्तरांचे तक्ते, करायला बेकार माणसं बसवली. पुढे त्यांची संख्या साडेचारशेच्या घरात गेली. बहुतेकांचं शिक्षण बेताचं आणि हातात नुसती पेन्सिल. म्हणून गर्ट्रूड ब्लँच या गणितज्ञ बाईंनी कामाचे अगदी बारीक तुकडे पाडले. धन संख्या काळ्या, ऋण संख्या लाल. पहिल्या गटाने फक्त बेरीज करायची. भिंतीवर सूचना होती: काळ्यात काळी मिळवली तर काळी, लालमध्ये लाल मिळवली तर लाल, काळी-लाल एकत्र आली, तर कागद दुसऱ्या गटाकडे द्या. वजाबाकी त्या गटाची! ऋण संख्या म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूसही यात चुकत नसे. मला तर हा संगणकाच्या आज्ञावलीचाच नमुना वाटतो, फक्त ती चालवणारी यंत्रं हाडामांसाची.

घातांकी फलन, साइन, कोसाइन, लॉगरिदम अशी कोष्टकांची जाडजूड पुस्तकं एकामागून एक निघाली. खैरातीतलं काम म्हणून आधी नाक मुरडणारे शास्त्रज्ञ ती वापरू लागले. दुसऱ्या महायुद्धात याच गटाने नौदलासाठी लोरान या रेडिओ दिशादर्शन प्रणालीची कोष्टकं केली. त्यातलेच मिल्टन अब्रामोविट्झ आणि आयरीन स्टेगन यांनी संपादित केलेला अशाच गणिती फलनांचा हजारावर पानांचा संदर्भग्रंथ 1964मध्ये आला आणि भौतिकशास्त्रज्ञ, अभियंते यांच्या टेबलावर कायमचा जाऊन बसला. 2010पासून त्याचा सुधारित अवतार इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो.