पगडी तीच, स्थानक वेगळं: डेक्कन जिमखाना आणि संभाजी उद्यान

पुणे मेट्रोच्या वनाझ–रामवाडी मार्गावर डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही दोन उन्नत स्थानकं लागोपाठ येतात. गरवारे कॉलेज ते रुबी हॉल हा टप्पा १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला, त्यातलीच ही दोन्ही. दोन्ही मुठेच्या डाव्या काठाला, आणि दोन्हींचं छत मावळ्यांच्या पगडीवरून घेतलेलं. नदीपलीकडून पाहिलं तर कुठलं कोणतं, हे मुरलेल्या पुणेकरालाही चटकन सांगता येत नाही.

छताला बरेच जण सरळ ‘पुणेरी पगडी’ म्हणतात, ते मात्र बरोबर नाही. पुणेरी पगडी शिवून तयार असते, टोपीसारखी डोक्यावर चढवायची. रानडे, टिळक यांच्या चित्रांत दिसते ती हीच. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. स्थानकांवरची पगडी त्याआधीची, शिवरायांच्या सैनिकांची. ही वास्तू बघायची तर फलाटावरून नाही, नदीकडून. आत उभं राहिलं की डोक्यावर नुसतं उंच छत असतं. पगडीचा घाट लांबूनच कळतो. मला तर वाटतं, पुण्यातल्या नव्या बांधकामांत इतकं आपलं वाटणारं दुसरं फारसं काही नाही.

खरा घोळ होतो तो नावांमुळे. लकडी पुलाचं अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल. म्हणून ‘संभाजी पुलाजवळ भेटू’ असं कुणी म्हटलं की नवखा माणूस संभाजी उद्यान स्थानकावर उतरतो. पूल तर डेक्कन स्थानकाच्या बाजूला! अलका टॉकीज, लक्ष्मी रस्ता, डेक्कनचा पीएमपी थांबा, गुडलक चौक यांसाठी डेक्कनलाच उतरावं. जंगली महाराज रस्त्यावरची संभाजी बाग आणि बालगंधर्व रंगमंदिर यांसाठी संभाजी उद्यान. वनाझकडून येताना डेक्कन आधी लागतं. रामवाडीकडून येताना पुणे मनपा गेलं की संभाजी उद्यान.

पेठांत जायचं असेल तर आणखी एक फरक लक्षात ठेवा. दोन्हीकडून नदीपलीकडे पादचारी पूल आखले गेले, पण डेक्कनचा नारायण पेठेकडे आणि संभाजी उद्यानाचा शनिवार पेठेकडे. शनिवारवाड्याच्या बाजूला जाणाऱ्याने म्हणूनच डेक्कनच्या गर्दीत शिरू नये.

पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की डेक्कन स्थानकाजवळचा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. अशा दिवशी डेक्कनला उतरून पायी पलीकडे जायचं तर भिडे पुलाकडे वळूच नका, थेट लकडी पूल गाठा.