पासवर्ड मॅनेजरमधली लॉगिन एंट्री: नवीन बनवणं आणि बदलणं

लॉगिन एंट्री म्हणजे पासवर्ड मॅनेजरच्या (सगळे पासवर्ड कुलपात जपणाऱ्या अॅपच्या) तिजोरीतली एक नोंद, एका साइटवरच्या एका खात्याची. तिच्यात युजरनेम, पासवर्ड आणि साइटचा पत्ता एवढं तरी असतंच, शिवाय पासकी (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली), ओटीपी बनवायची गुप्त किल्ली, सिक्युरिटी प्रश्नांची उत्तरं, टिपा असं काय काय ठेवता येतं. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण निम्मे घोळ तिच्यामुळेच होतात. मॅनेजरमध्ये पासवर्ड बदलला म्हणून तो साइटवर बदलत नाही, आणि साइटवर बदलला म्हणून मॅनेजरला आपोआप कळेलच असं नाही. वाण्याची उधारीची वही एक आणि आपल्या घरची एक, तसा प्रकार आहे, दोन्हीकडे एकच आकडा लागला तर ठीक नाहीतर वाद.

सुरुवातीला तर साइटशी मॅनेजरचा काही संबंधच नव्हता. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांचा पासवर्ड सेफ हा मॅनेजर १९९७ सालचा, त्यात फाइल उघडायची, कॉपी करायचं आणि जिथे हवं तिथे पेस्ट करायचं. मग २००३ मध्ये डॉमिनिक राइखल यांचं कीपास, २००६ मध्ये वनपासवर्ड, २००८ मध्ये लास्टपास, २०१६ मध्ये बिटवॉर्डन असे मॅनेजर एकेक आले, आणि दरम्यान ब्राउझरवाल्यांनीही पासवर्ड सेव्ह करू का असं विचारायला सुरुवात केली. मोबाइलवर मात्र बरेच दिवस कॉपी-पेस्टच चालू होतं, अँड्रॉइड ८ (२०१७) आणि आयओएस १२ (२०१८) आल्यावर बाहेरच्या मॅनेजरलाही दुसऱ्या अॅपमधले रकाने नीट भरता यायला लागले.

नवीन एंट्री दोन रस्त्यांनी बनते. एक म्हणजे साइटवर साइन अप करताना, मॅनेजर स्वतःच लांबलचक पासवर्ड सुचवतो आणि फॉर्म सबमिट झाला की सेव्ह करू का विचारतो. दुसरा म्हणजे आधी मॅनेजरमध्ये हाताने एंट्री बनवायची, मॅनेजरमधल्या जनरेटरने (यादृच्छिक पासवर्ड बनवणाऱ्या सोयीने) पासवर्ड काढायचा, सेव्ह करायचं आणि मग तो साइटवर टाकायचा. पहिला सोपा वाटतो पण माझं मत दुसऱ्याला, कारण सेव्हची ती छोटी पट्टी कधी येतच नाही, कधी आपणच सवयीने बंद करतो, आणि मग २० अक्षरांचा पासवर्ड जगात कुणाकडेच नसतो, आपल्याकडे तर नाहीच नाही.

मॅनेजरला कुठला रकाना कशाचा हे कळतं ते बरंचसं साइट बनवणाऱ्याच्या हातात असतं. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेत, ऑटोकम्प्लीट नावाची खूण आहे, तिच्यात हा युजरनेम, हा सध्याचा पासवर्ड, हा नवा पासवर्ड असं सांगता येतं. ही खूण नीट लावली असेल तर सगळं गुपचूप जमतं. नसेल तर मॅनेजर अंदाज लावतो, आणि गूगलसारखं आधी फक्त ईमेल विचारून पासवर्ड पुढच्या पानावर मागायची पद्धत असेल तर त्या अंदाजाची आणखीच परीक्षा.

साइटचा पत्ता या रकान्याकडे लोक बघतसुद्धा नाहीत, आणि खरं तर सगळ्यात कामाचा तोच आहे. समोरच्या पानाचा डोमेन (पत्त्यातलं साइटचं मुख्य नाव) एंट्रीतल्या डोमेनशी जुळला तरच मॅनेजर ऑटोफिल करायला, म्हणजे रकाने आपोआप भरायला, पुढे येतो. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेली नकली साइट माणसाला फसवेल पण मॅनेजर तिथे गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की आपणही थांबायचं असतं, शोधून काढून पेस्ट करायचं नसतं. शेवटी डॉट को डॉट इन किंवा डॉट गव्ह डॉट इन असलेले सगळे पत्ते एकाच मालकाचे समजले जाऊ नयेत म्हणून पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची एक यादी वापरतात. उलटंही होतं, अॅमेझॉनचं डॉट इन आणि डॉट कॉम एकाच खात्यावर चालतं, मग एका एंट्रीत दोन पत्ते टाकायचे, दोन एंट्र्या करायच्या नाहीत. दोन केल्या की पुढे एकात नवा पासवर्ड आणि एकात जुना राहतो आणि ऑटोफिल नेमका जुना भरतं.

आता बदलण्याकडे, खरी कसरत इथे आहे. पासवर्ड बदलायच्या पानावर बहुतेक वेळा तीन रकाने असतात, जुना, नवा, परत नवा. मॅनेजरने तिन्हीत जुनाच भरला किंवा नवा फक्त एकात भरला असं सर्रास होतं. त्यात भर म्हणजे साइटने नवा पासवर्ड स्वीकारला की नाकारला हे मॅनेजरला खात्रीने कळत नाही, त्याला एवढंच दिसतं की फॉर्म गेला आणि पान बदललं. साइट लाल अक्षरात म्हणत असते की हे चिन्ह चालत नाही, आणि इकडे अपडेट करू का म्हणून पट्टी आलेली असते, आपण हो म्हणतो, झालं.

म्हणून क्रम असा ठेवलेला बरा: एंट्री उघडून जनरेटरने नवा पासवर्ड काढायचा पण जुना हाताशी ठेवायचा, साइटवर दोन्ही टाकायचे, बदलला असा मेसेज दिसला की एंट्री सेव्ह आहे ना बघायचं, आणि मग लॉगआउट करून परत लॉगिन करून बघायचं. हे शेवटचं कुणी करत नाही. माझ्याबाबतीत एका साइटने २४ अक्षरांचा पासवर्ड गोड बोलून घेतला आणि आत साठवताना शेपूट कापून टाकलं, लॉगिनच्या पानावर मात्र पूर्ण २४ तपासत होती, दोन दिवस मी मॅनेजरला शिव्या घालत होतो. आणि साइटने नवा पासवर्ड घेतलाच नसेल तर जुना लागतोच, चांगले मॅनेजर तो ठेवतात, बिटवॉर्डनमध्ये एंट्रीच्या इतिहासात मागचे ५ पासवर्ड दिसतात.

हे सगळं एका क्लिकमध्ये व्हावं असे प्रयत्नही झाले. डिसेंबर २०१४ मध्ये लास्टपास आणि डॅशलेन दोघांनीही आपोआप पासवर्ड बदलून देणारी सोय आणली, पण प्रत्येक साइटचा फॉर्म वेगळा, त्यात ओटीपी, कॅप्चा (समोर माणूसच आहे ना ते तपासणारं कोडं), त्यामुळे मोजक्याच साइटवर ती चालायची. त्यापेक्षा साधी गोष्ट टिकली: साइटने ठरलेल्या एका पत्त्यावर पासवर्ड बदलायच्या पानाची वाट करून ठेवायची, म्हणजे मॅनेजरमधलं बटण दाबलं की थेट तिथेच.

बदलायचा कधी, यावर जुनं ऑफिसवालं उत्तर म्हणजे दर ९० दिवसांनी. त्याने लोक शेवटचा १ काढून २ करतात, बाकी काही होत नाही. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ च्या आपल्या नियमावलीत स्पष्टच म्हटलं की मुदत संपली म्हणून बदलायला लावू नका, पासवर्ड फुटल्याचा, म्हणजे बाहेर पडल्याचा, पुरावा असेल तर लावा, आणि पेस्ट करू द्या. फुटला की नाही हे बघायला सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांची हॅव आय बीन पोन्ड ही साइट २०१३ पासून आहे, आणि आता बरेच मॅनेजर स्वतःच तसा इशारा देतात. तोच पासवर्ड चार ठिकाणी वापरला असेल तर चारही एंट्र्या बदलायच्या, एका साइटवरून फुटलेली युजरनेम-पासवर्डची जोडी दुसऱ्या साइटवर लावून बघणं हा चोरांचा रोजचाच धंदा आहे.

तिजोरीची किल्ली म्हणजे मास्टर पासवर्ड, हा तेवढा डोक्यात ठेवायचा. २०२२ मध्ये लास्टपासच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती चोरीला गेल्या, पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले (किल्लीशिवाय वाचता न येणारे) होते पण साइटचे पत्ते उघडेच होते, आणि ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा त्यांना आत ठेवलेलं सगळंच बदलत बसावं लागलं. पक्का बनवायला डाइसवेअरची रीत चांगली, ५ फासे टाकून ७७७६ शब्दांच्या यादीतून एकेक शब्द काढायचा. मराठीतले शब्द रोमनमध्ये घेतले तरी चालेल, अट एकच, शब्द फाशांनी निवडलेले हवेत, आरतीची ओळ किंवा म्हण नको.

आपल्याकडे आणखी दोन भानगडी. काही बँकांच्या साइटवर लॉगिनचा पासवर्ड वेगळा आणि पैसे पाठवायचा किंवा प्रोफाइलचा वेगळा, पत्ता मात्र एकच, त्यामुळे मॅनेजर एकाच्या जागी दुसरा भरतो, तीनदा चुकला की खातं लॉक. दुसरा पासवर्ड त्याच एंट्रीत वेगळा लपवलेला रकाना करून ठेवायचा. दुसरी भानगड ओटीपीची. टिपांमध्ये हा ओटीपी कुठल्या नंबरवर जातो ते लिहून ठेवा, आईबाबांच्या गॅस बुकिंगचा आणि लाइट बिलाचा लॉगिन असेल तर नक्कीच, कारण पासवर्ड सापडतो आणि ओटीपी चार वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमवर गेलेला असतो. आईबाबा हे सगळं वहीत लिहितात त्याला हसू नये, घरातल्या कपाटातली वही इंटरनेटवरून कुणाला हॅक करता येत नाही, फक्त तिच्यातही खोडून नवीन लिहायचं राहूनच जातं.

पासकी आल्यापासून एंट्रीत आणखी एक गोष्ट बसते. पासकी बनवली तरी पुष्कळ साइट जुना पासवर्ड चालूच ठेवतात, त्यामुळे तो एंट्रीतून काढायचा नाही, तो रद्द झाला असं साइटवर दिसेपर्यंत तरी नाही.