वर्षाची चटणी, रोजचा खर्डा

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनला जोडलेला संगणक डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो. मालकांचा मुलगा इंजिनिअरिंगला. त्याच्या लॅपटॉपवर आर्च ही दुसरी सिस्टिम. "पप्पांचं अजून जुनंच चाललंय," अशी त्याची तक्रार. मला दोघांचंही पटतं.

दोन्हींच्या मुळाशी कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा, एकच: लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स. त्याच्याभोवती हजारो प्रोग्राम लागतात. ते निवडून, जुळवून दिलेला संच म्हणजे डिस्ट्रो. लोक दिसण्यावरून वाद घालतात, पण दिसणं कुठल्याही डिस्ट्रोवर बदलता येतं. माझ्या मते खरा प्रश्न हा, की बदल किती वेळा सोसायचा?

कारण प्रोग्राम एकमेकांत गुंतलेले असतात. दहा प्रोग्राम एकच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा सामायिक संच, वापरतात. ती बदलली की एखादा अडतो. १९९३ पासूनचं डेबियन यावर आपल्या कांदा-लसूण चटणीसारखा उपाय करतं. उन्हाळ्यात एकदा कुटून बरणी भरली की वर्षभर चव तीच. डेबियनची बरणी साधारण दोन वर्षांनी भरते. त्याआधी काही महिने आवृत्त्या गोठवून फक्त चुका निस्तरतात. पुढे सुरक्षेतली त्रुटी सापडली, तर शक्यतो नवी आवृत्ती न आणता तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवतात. हे फार किचकट काम आहे, ते बहुतेक स्वयंसेवक करतात, आणि त्याचं हवं तेवढं कौतुक होत नाही.

२००२ मध्ये आलेलं आर्च म्हणजे रोजचा ताजा खर्डा. मूळ लेखकांनी नवी आवृत्ती काढली, की थोड्या चाचणीनंतर ती थेट तुमच्याकडे. नव्याकोऱ्या लॅपटॉपच्या वायफाय चालवणारा ड्रायव्हर अनेकदा नव्या कर्नलमध्येच असतो, तेव्हा मुलाचंही बरोबर. फक्त अपडेटआधी सूचना वाचायची सवय हवी.

नवख्याला मी मिंट हे तिसरं डिस्ट्रो देतो. ते उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभं आहे, आणि उबुंटू हे डिस्ट्रो डेबियनवर.

वर्कशॉपमधलं मशीन लिनक्ससीएनसी हा मुक्त प्रोग्राम चालवतो. संगणक थेट पॅरलल पोर्टमधून (जुन्या प्रिंटरच्या जोडणीतून) स्टेपर मोटरला, म्हणजे पावलापावलानं फिरणाऱ्या मोटरला, विजेचे ठोके देतो, तेही मायक्रोसेकंदांच्या हिशोबात. ठोके वेळेवर पडले नाहीत तर मोटर पाऊल चुकते आणि मशीनवरचा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, भंगारात जातो. म्हणून वेळ काटेकोर पाळणारा रिअल-टाइम कर्नल लागतो. लिनक्ससीएनसीचा तयार संच डेबियनवरच मिळतो. बसलेली घडी मालक कशाला मोडतील?

प्रोजेक्ट दाखवायच्या आठवड्यात मुलगाही अपडेट करत नाही.