टर्नपाइक रस्ते व मैलाचे दगड (इंग्लंड आणि वेल्स)

पथकर घेऊन राखलेला सार्वजनिक रस्ता म्हणजे टर्नपाइक. पूर्वी रस्तादुरुस्ती ज्या त्या पॅरिशकडे (चर्चच्या हद्दीनुसार पडलेल्या स्थानिक विभागाकडे) असे आणि गावकऱ्यांना वर्षाकाठी सहा दिवस बिनमोबदला राबावे लागे. लंडनच्या जड वाहतुकीने उखडलेला महामार्ग वाटेवरच्या लहान गावांना पेलेना, तेव्हा 1663 च्या कायद्याने लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडच्या एका भागावर पथकर बसवला आणि त्यावरच्या वेड्समिल गावी नाका उभा राहिला. अठराव्या शतकात हे काम स्थानिक विश्वस्त मंडळांकडे गेले. प्रत्येक मंडळासाठी संसदेचा स्वतंत्र कायदा होई, मुदत बहुधा 21 वर्षांची. 1830 च्या दशकात अशी सुमारे हजार मंडळे होती.

वसुलीचा मक्ता सहसा लिलावाने जाई. घोडे किती, जनावरे किती, चाके केवढी रुंद, यावर कर ठरे. अरुंद चाक रस्ता कापत जाते. पादचारी, सैनिक आणि टपालगाडी यांना माफी होती. टपालगाडीचा रक्षक दुरूनच शिंग फुंकी, म्हणजे गाडी पोचेपर्यंत फाटक उघडलेले असे.

1767 पासून टर्नपाइकवर मैलाचे दगड सक्तीचे झाले. भाड्याच्या घोड्यांचा हिशेब मैलावर होई, टपालाचा दरही 1840 पर्यंत अंतरावर ठरे. दगड चुकीच्या जागी बसला की पैशांचा हिशेब चुकलाच. म्हणून मोजणीला महत्त्व.

कायदेशीर मैल 1,760 यार्डांचा. गंटरची (मोजणीदारांची) 66 फुटी साखळी 80 वेळा टाकली की तो भरे. दुसरे साधन मोजणीचे चाक: घेर 8 फूट 3 इंच असेल तर मैलाला 640 फेरे. दोन्हींचे दोष उलट दिशेचे आहेत. चाक खाचखळग्यांतून उतरत-चढत, वळत जाते. त्यामुळे अंतर फुगते. साखळीच्या कड्या झिजल्या की ती लांबते, मग अंतर कमी भरते आणि दगड पुढे सरकतो. लंडनपासूनचे मैलही एकाच बिंदूवरून मोजलेले नाहीत: कुठे हाइड पार्क कॉर्नर, कुठे शोरडिच चर्च, कुठे कॉर्नहिल. दोन रस्त्यांवरचे आकडे ताडून पाहताना हे आधी तपासावे.

आधीचे दगड स्थानिक खाणीतले. मऊ वालुकाश्मावरची अक्षरे पाऊस व गोठणीने झडतात, म्हणून पुढे बिडाच्या पाट्या किंवा खांब आले. त्रिकोणी खांब सर्वांत सोयीचा. दोन्हीकडून येणाऱ्याला आपापल्या पुढच्या गावाचे अंतर समोर दिसते. मात्र बीड ठिसूळ, गाडीची धडक बसली की तुटते. अभियंता टेलफर्डने लंडन-होलीहेड रस्त्यावर वेल्समधल्या अँगलसी बेटाच्या चुनखडी दगडात बिडाची पाटी बसवून दोन्हींचा मेळ घातला.

रेल्वेने मंडळांचे उत्पन्न आटले. शेवटचे, अँगलसीतले, 1895 मध्ये संपले. 1940 मध्ये जर्मन आक्रमणाच्या भीतीने अनेक दगड काढले, पुरले किंवा त्यांवरची नावे खोडली. नंतरच्या रुंदीकरणात काही हलवले गेले. रस्त्याची पातळी चढली की खालची ओळ मातीत जाते. मुंबईत सेंट थॉमस कॅथिड्रलपासूनचे अंतर दाखवणाऱ्या बेसॉल्टच्या दगडांचेही फूटपाथ चढत गेल्याने असेच झाले. ते मात्र टर्नपाइकचे दगड नव्हेत.

डागडुजीत वाळूचा फवारा मारू नये, अक्षरांच्या कडा जातात. शेवाळ मऊ ब्रशने व पाण्याने काढावे. बीड असल्यास गंज खरवडून, गंजरोधक अस्तर देऊन पांढरा रंग लावावा, अक्षरे काळी करावीत. दगड उचलावाच लागला तर आधी त्याची जागा, उंची आणि तोंड कोणत्या दिशेला होते याची नोंद घ्यावी.