खिडकीतल्या कुंडीतून आलेला गुलाब

मिनिएचर गुलाब लहान कुंडीत वाढल्यामुळे बुटका राहतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याचा ठेंगणेपणा आनुवंशिक आहे. मोकळ्या जमिनीत लावले तरी बहुतेक वाणांचे झुडूप 15 ते 45 सेंटिमीटरच्या आसपासच राहते आणि फुलांबरोबर पानेही त्याच प्रमाणात लहान असतात.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूले नावाच्या स्विस लष्करी अधिकाऱ्याला एका खेड्यात, घराच्या खिडकीतील कुंडीत असा इवलासा गुलाब दिसला. जिनिव्हाचे उद्यानतज्ज्ञ आंरी कोरेव्हाँ यांनी त्याची रोपे वाढवून त्याला ‘रोझा रूलेटी’ हे नाव दिले. पुढे हॉलंडमधील यान डी व्हिंक यांनी त्याच्या संकरातून तयार केलेला वाण 1936 मध्ये अमेरिकेत ‘टॉम थंब’ या नावाने विक्रीस आला, आणि कॅलिफोर्नियातील राल्फ मूर यांनी तर आपले दीर्घ आयुष्यच या गुलाबांना वाहिले.

या गुलाबांचे मूळ चिनी गुलाबात आहे, आणि ते वारंवार फुलतात ते त्यामुळेच. रानगुलाबात फुलोरा रोखून धरणारे एक जनुक असते. चिनी गुलाबात त्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसल्याने ते निकामी झाले आहे. परिणामी नवी फूट आली की तिच्या टोकाला कळी धरतेच. म्हणूनच नवी फूट लवकर यावी यासाठी सुकलेली फुले वेळीच खुडावीत.

वाफ्याची किनार, दगडी बाग, पायऱ्यांच्या कडा आणि गॅलरीचा कठडा या मिनिएचर गुलाबाच्या खऱ्या जागा. लोंबत्या फांद्यांचे वाण टांगत्या कुंडीत शोभतात. उंच गुलाबांच्या पायथ्याशी मात्र तो लावू नये, कारण रोज पाच-सहा तास ऊन मिळाल्याशिवाय तो नीट फुलत नाही. त्याची लागवड सहसा डोळा न भरता, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर कलम न बांधता, फाटे कलमाने, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत रुजवून होते. रोप स्वतःच्याच मुळांवर असल्याने खुंटाचे रानटी फुटवे काढत बसावे लागत नाही. हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो.

कुंडीतली माती थोडी, त्यामुळे ती लवकर सुकते. उन्हाळ्यात रोज पाणी द्यावे, मात्र ते तळाशी साचू देऊ नये. कोरड्या हवेत पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी ही बारीक कीड होते; ती आढळताच पाने खालून पाण्याच्या फवाऱ्याने धुवावीत. फुललेली कुंडी दिवाणखान्यात ठेवायची हौस असल्यास दोन-चार दिवस ठेवावी आणि पुन्हा उन्हात न्यावी.