आशालता वाबगावकर: पडद्यावरच्या आईमागची संगीत रंगभूमी

हिंदी सिनेमाच्या प्रेक्षकाला आशालता वाबगावकर आठवतात त्या आई, आजी नाहीतर मोठी वहिनी म्हणून. शंभराहून अधिक चित्रपटांत त्यांनी कामं केली, त्यातली बहुतेक याच नात्यांची. पण मूळच्या गोव्याच्या या अभिनेत्रीची जडणघडण झाली ती संगीत नाटकात, आणि ते नाटक उभं केलं होतं मुंबईतल्या गोवेकरांनी. निदान गोव्यात तरी त्यांची कारकीर्द तिथपासूनच सांगायला हवी.

पोर्तुगीज अमलात शिक्षण-नोकरीसाठी मुंबई गाठलेल्या गोवेकरांनी १९१९ साली धी गोवा हिंदू असोसिएशन स्थापन केली. देवळाच्या उत्सवाला, जत्रेला गावकऱ्यांनीच नाटक बसवायचं ही गावची हौस त्यांच्याबरोबर मुंबईला गेली. संस्थेच्या कलाविभागाने पुढे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘नटसम्राट’, ‘संध्याछाया’, ‘बॅरिस्टर’ अशी नाटकं दिली. व्यावसायिक कंपन्यांनाही हेवा वाटावा अशी ही यादी आहे.

१९६४ साली याच संस्थेने वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ आणलं. संगीत मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींचं, पराशराच्या भूमिकेत साखळीचे रामदास कामत आणि सत्यवती आशालता. संगीत नाटकाला तेव्हा ओहोटी लागली होती. अभिषेकींनी पदं आटोपशीर केली, ती प्रसंगातच मिसळून टाकली. त्यामुळे नटाचं काम मात्र अवघड झालं. संवाद ऐन रंगात असताना सुरात शिरायचं, पद संपवून पुन्हा त्याच भावात परतायचं, आणि मधल्या टाळ्यांनी पात्र निसटू द्यायचं नाही. बालकवींची ‘गर्द सभोवती’ गाणारी अल्लड कोळ्याची पोर आणि ‘अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा’ म्हणणारी, आयुष्याने पोळलेली राणी एकाच रात्री, एकाच गळ्यातून उभी करायची होती. आशालताबाईंच्या अष्टपैलूपणाचं मूळ मला इथं दिसतं. वय बदललं की आवाजाचं वजन कसं बदलतं, हे त्या कॅमेऱ्यासमोर जाण्याआधीच शिकल्या होत्या.

हिंदीत त्यांचं नाव झालं ते बासु चटर्जींच्या ‘अपने पराये’मुळे (१९८०). शरच्चंद्रांच्या कथेवरच्या या चित्रपटात एकत्र कुटुंबातली थोरली सून त्यांनी केली. तिची माया खरी, पण कानही तितकेच हलके. या भूमिकेसाठी फिल्मफेअरचं नामांकन मिळालं. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त त्या स्मिता पाटीलच्या जाऊ झाल्या. घर सोडून कामाला गेलेल्या जावेची मुलगी ही बाई सांभाळते. प्रेमाने सांभाळते, आणि त्या प्रेमातच नायिकेची जागा हळूहळू नाहीशी होते. खलनायिका न होता एवढं पोचवणं सोपं नव्हे. पुढे ‘अंकुश’मध्ये (१९८६) त्या आजी झाल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

नंतरच्या मराठी चित्रपटांनी त्यांना सोशिक आईच्या चौकटीत फार वेळा बसवलं, असं माझं मत आहे. गाणारी आशालता तर सिनेमाला जवळपास दिसलीच नाही. त्या मात्र काम करत राहिल्या, पुढे मालिकांतही. सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्याला ‘आई माझी काळुबाई’ मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान त्यांना करोनाची लागण झाली आणि २२ सप्टेंबरला, वयाच्या ७९व्या वर्षी, तिथेच त्यांचं निधन झालं.