शब्द फक्त ७ टक्के, बाकी सगळी बॉडी लँग्वेज?

कम्युनिकेशन किंवा जर्नालिझमला ॲडमिशन घेतली की हा फॉरवर्ड येतोच: संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८ आणि बॉडी लँग्वेज ५५. आकडे कुणी मनाने काढले नाहीत, पण ते आलेत १९६७ च्या दोन छोट्या प्रयोगांतून, ज्यात सुटा एकेक शब्द वेगवेगळ्या टोनमध्ये ऐकवला, एकात चेहऱ्याचे फोटोही दाखवले, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायचं होतं. म्हणजे अख्खी वाक्यं नाहीत, माहिती नाही, हातवारे तर नाहीतच (५५ फक्त चेहऱ्याचे). शब्द आणि सूर जुळत नसेल तेव्हा भावना कशावरून ओळखतो, इतपतच ते लागू. चेक करायचंय? अजिबात न येणाऱ्या भाषेतली बातमी सबटायटल बंद करून ऐका, ९३ टक्के कळते का बघा.